टिनाखालची बबल फॉइल शीट: नवतप्याआधी घ्यावी का?

टिनाच्या माळ्यावर कूलर लावला तरी डोकं तापतंच. कूलर हवा गार करतो, पण तापलेलं टिन थेट अंगावर उष्णतेची किरणं टाकत राहतं. नागपुरात 23 मे 2013 ला पारा 47.9 अंशांवर गेला होता. तशा दुपारी ही किरणं अडवायला दोन्ही बाजूंनी अ‍ॅल्युमिनियम फॉइल असलेली 4 मिमीची बबल शीट (हवेच्या फुग्यांचं प्लास्टिक) पुरते. 8 मिमीसाठी जास्तीचे पैसे घालू नका, इथे जाडीपेक्षा चकाकी काम करते.

चकाकीला मात्र समोर मोकळी हवा लागते. टिन आणि शीट यांत किमान 1 इंच अंतर हवंच. शीट टिनाला चिकटवली की वरचं फॉइल वाया जातं, उष्णता स्पर्शानेच खाली उतरते. नेमकी हीच चूक सर्रास होते, आणि मग दोष शीटला दिला जातो. वरच्या फॉइलवर धूळ बसून चमक उतरते, खालचं चकाकत राहतं. म्हणून एकाच बाजूला फॉइल असलेली शीट नको.

दुकानात कोपऱ्यातला थर सोलून मोबाईलच्या टॉर्चसमोर धरा. उजेड आरपार दिसला तर ती नुसती चंदेरी प्लास्टिक फिल्म आहे, दमट पावसाळ्यात काळवंडते.

रोल बहुधा 1.2 मीटर रुंद असतो. 12 × 15 फुटांच्या खोलीला उतार धरून पावणेपाच मीटरच्या 4 पट्ट्या, म्हणजे 19 मीटर लांबी लागते. सांध्यावर 3 इंच चढवण आणि अ‍ॅल्युमिनियम टेप, साधारण 15 मीटर. दुहेरी चिकटपट्टीवर शीट टांगू नका, एप्रिलच्या उन्हात गोंद सुटतो. टिनाला आधार देणाऱ्या पाइपांखाली दर 2 फुटांवर जीआय (जस्ताचा मुलामा दिलेली लोखंडी) तार ताणा, शीट तिच्यावर पसरा आणि कडा लाकडी पट्टीने दाबा. कड सैल राहिली तर मे महिन्यातल्या वादळी वाऱ्यात शीट फुगून फाटते. वरची तापलेली हवा निघून जावी म्हणून दोन्ही टोकं उघडी ठेवा, पण तिथे बारीक जाळी लावा, नाहीतर कबुतरं शिरतात.

काम फेब्रुवारी-मार्चमध्ये उरका. आधी टिनाचे स्क्रू तपासा: तडकलेले रबरी वॉशर बदला, गारांनी पडलेली भोकं बुजवा. शीट लागल्यावर गळती कुठून होते ते दिसत नाही, पाणी भलत्याच कोपऱ्यात टपकतं.

फॉइलमधून वीज वाहते, त्यामुळे माळ्यावरच्या सगळ्या वायरी पाइपात घ्या आणि आरसीसीबी (वीज गळली की पुरवठा तोडणारा स्विच) बसवा. चुलीच्या किंवा गॅसच्या वर ही शीट नकोच, आतलं प्लास्टिक पेट घेतं.

थंडीत पहाटे टिनाला घाम येऊन थेंब पडत असतील, तर टिनाला चिकटवायचा 10 मिमीचा एक्सएलपीई (एक प्रकारच्या प्लास्टिकचा) फोम जास्त बरा. स्लॅबच्या घराला मात्र यांतलं काहीच घेऊ नका, तिथे गच्चीवर पांढरा परावर्तक रंग लावा.