सिक्स मिनिट इंग्लिश : साडेबारा हजारांच्या क्लासनंतरचा फुकटचा इलाज

मी पिंपळगाव बसवंतला द्राक्षांच्या एका पॅकहाऊसवर एक्सपोर्टची कागदपत्रं बघते. शिक्षण सगळं मराठी माध्यमातलं. इंग्रजी मेल लिहिताना माझं अडत नाही. अडतं ते सीझनमध्ये इंग्लंडच्या खरेदीदाराचा फोन आला की. तो बोलतो तेव्हा शब्द येत नाहीत, नुसता आवाजाचा लोंढा येतो.

एकदा म्हणाला, उद्या 'हाफ सेव्हन'ला फोन करतो. मी 'पावणेसात'च्या हिशेबाने सातातून अर्धा वजा केला, त्यांचे सकाळचे साडेसहा धरले, म्हणजे आपले दुपारचे बारा, आणि बारापासून फोन उशाशी घेऊन बसले. फोन आला एकला. हाफ सेव्हन म्हणजे त्यांचे सरळ साडेसात! 'हाफ पास्ट सेव्हन'मधला 'पास्ट' ते लोक बोलतच नाहीत. आपणही 'साडे' म्हणताना कशावर साडे ते कुठे सांगतो?

त्याआधी नाशिकला एका क्लासला साडेबारा हजार भरून झाले होते. सर शब्द सुटा सुटा करून बोलायचे, त्यामुळे सरांचं इंग्रजी मला उत्तम कळायला लागलं. फोनवरच्या माणसाचं नाही.

मग भाच्याने बीबीसी लर्निंग इंग्लिश दाखवलं. हे खातं १९४३ पासून इंग्रजी शिकवतंय, आणि सगळं फुकट. त्यातला 'सिक्स मिनिट इंग्लिश' हा पॉडकास्ट मी दोन वर्षं ऐकतेय. दोन निवेदक गप्पा मारतात, सुरुवातीला तीन पर्यायांचा एक प्रश्न टाकतात, उत्तर शेवटी देतात, मध्ये सहा शब्द शिकवतात. निवेदकांचं बोलणं स्वच्छ, जवळजवळ आमच्या सरांसारखं. तेवढंच ऐकत बसलात तर 'मला इंग्रजी कळतं' असा गोड गैरसमज होईल. खरा माल मधल्या तुकड्यांत आहे. तिथे बीबीसीच्या दुसऱ्या कार्यक्रमातला कुणी जाणकार बोलतो. तो शिकणाऱ्यांसाठी बोलत नसतो, आपल्या नादात बोलत असतो. अडखळतो, वाक्य अर्धं टाकतो, शब्द गिळतो. मी तो अर्ध्या मिनिटाचा तुकडा चार-पाच वेळा ऐकून वहीत उतरवते आणि मग वेबसाइटवरच्या लिखित संहितेशी ताडते. संहिता शब्दशः नाही, हे त्यांनी स्वतःच वर लिहिलंय, त्यामुळे एखाददुसरा शब्द जुळला नाही तर कानाला दोष देऊ नका.

पहिल्यांदा मी वेग पाऊणपट करून ऐकायची. फार उपयोग होत नाही. जे अक्षर बोलणाऱ्याने उच्चारलंच नाही, ते सावकाश केल्याने परत कुठून येणार?

हे कोडं सुटलं त्याच खात्याच्या 'टिम्स प्रोनन्सिएशन वर्कशॉप'मुळे. छोटे छोटे व्हिडिओ आहेत. टिम लंडनच्या रस्त्यावर लोकांना प्रश्न विचारतो आणि त्यांच्या उत्तरात कुठला आवाज गळाला, कुठला शेजारच्याला चिकटला ते दाखवतो. 'नेक्स्ट डे'चं 'नेक्सडे' होतं, 'टी' गायब. बघताना मला हसू आलं. आपण तरी 'कुठे गेला होतास' कधी म्हणतो? 'कुठं गेलतास' म्हणतो. पुस्तकातून मराठी शिकलेल्याने ते ऐकून काय करावं!

याच कानाने माझे चार पॅलेट, म्हणजे पेट्यांच्या चार थप्प्या, वाचले. काळ्या द्राक्षांबद्दल खरेदीदार फोनवर म्हणाला, 'वी कान् टेक देम.' पूर्वीची मी 'कॅन' ऐकून यार्डात माल लावा म्हणून सांगितलं असतं. पण आता माहीत होतं की 'टेक'च्या आधीचा 'टी' ऐकू येईलच असं नाही. स्वराकडे बघायचं. होकार असता तर त्याने 'कन' म्हणून उडवला असता. हा लांब 'कान्' होता, म्हणजे 'कान्ट'. मेलवर विचारून खात्री केली. नकारच होता.

पाचपैकी चार गुण देते. एक यासाठी कापला की पॉडकास्टात खऱ्या बोलण्याचा वाटा थोडा आहे, निवेदकांचा जास्त. माझ्यासारख्या फोनवाल्यांना तो उलटा हवा. अगदी नवशिक्यांनी थेट इथे येऊ नये, शब्दसंग्रह बरा लागतो. बाकीच्यांनी आधी टिमचे व्हिडिओ बघावेत, मग पॉडकास्ट. मी उलट्या क्रमाने गेले, वर्ष वाया गेलं.

एक गोष्ट मात्र या दोन्हींत मला सापडली नाही. फोन ठेवताना हा खरेदीदार दरवेळी 'तारा' म्हणायचा. तीन सीझन मला वाटायचं, याच्या ऑफिसात तारा नावाची कुणी आपली बाई आहे आणि तो तिला हाक मारतोय. शेवटी विचारलं, तारा मॅडम कशा आहेत? बराच वेळ हसला. त्याच्याकडे 'येतो हं' म्हणायची ती पद्धत आहे.