शाळाबाह्य मुलांचा प्रवेश आणि हजेरी: सोलापूरच्या पूर्व भागातील सेवेविषयी अभिप्राय

सहा ते चौदा वर्षांचे मूल शाळेत जात नसेल तर त्याला शोधून काढणे, वयानुरूप वर्गात दाखल करणे आणि ते तिथे टिकते की नाही हे पाहणे, ही सरकारी सेवा आहे. पण हॉटेलाविषयी किंवा दुकानाविषयी जसा अभिप्राय लिहितात तसा या सेवेविषयी सहसा कोणी लिहीत नाही. शेजारच्या अकरा वर्षांच्या मुलीसाठी गेल्या जूनपासून मी या सेवेचा वापर करतो आहे. प्रवेशाचे काम अपेक्षेपेक्षा चांगले झाले, हजेरीच्या पाठपुराव्याने मात्र निराशा केली.

या मुलीचे कुटुंब यंत्रमागाच्या कामासाठी भिवंडीला गेले होते. तिसरीनंतर तिची शाळा सुटली आणि परत येताना तिथल्या शाळेचा दाखला काही मिळाला नाही. पूर्व भागातील एका शाळेत आम्ही गेलो, तेव्हा लिपिकाने मान वर न करताच सांगितले, “दाखला आणा, जन्माचा पुरावा आणा, मग बघू.” बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम, 2009 हा कायदा 1 एप्रिल 2010 पासून लागू आहे. दाखल्याला उशीर झाला म्हणून (कलम 5) किंवा वयाचा पुरावा नाही म्हणून (कलम 14) प्रवेश नाकारता येत नाही, असे त्यात स्पष्ट म्हटले आहे. मी वाद घातला नाही. साध्या कागदावर अर्ज लिहून त्याची पोच मागितली. पोच म्हटल्यावर कागद मुख्याध्यापिकांच्या टेबलावर गेला आणि त्या म्हणाल्या, “काका, उद्यापासून पाठवा तिला, कागदांचं आम्ही बघतो.” त्यांनी शब्द पाळला. पुस्तके मिळाली, दुपारचा आहार सुरू झाला आणि मुलगी सहावीच्या वर्गात बसू लागली.

तिसरीनंतर थेट सहावीत बसवल्यावर मधल्या वर्षांचे काय, हा प्रश्न ओघाने येतोच. त्यासाठी कलम 4 मध्ये विशेष प्रशिक्षणाची तरतूद आहे, शिवाय असे मूल चौदा वर्षांचे झाले तरी प्राथमिक शिक्षण पूर्ण होईपर्यंत त्याला मोफत शिकता येते. इथे वेगळा वर्ग वगैरे काही दिसला नाही. पण घरी तेलुगू बोलणाऱ्या या मुलीला तेलुगू येणाऱ्या एका बाईंनी मधल्या सुट्टीनंतर जोडाक्षरे शिकवली, आणि माझ्या मते या सेवेत सर्वांत मोलाचे काम झाले असेल तर ते हेच.

हजेरीची गोष्ट वेगळी आहे. मुलीची आई विड्या वळते. हजार विड्यांवर मजुरी ठरते, आणि पाने कापायला दुसरा हात असला की तो हजार लवकर भरतो. भिजवलेल्या पानावर पत्र्याचे माप ठेवून कात्री फिरवणे हे काम मुलीच्या वाट्याला येते. ती इतक्या सफाईने पान कापते की पाहणाऱ्याला कौतुक वाटावे आणि लगेच त्या कौतुकाची लाज वाटावी. माल द्यायचा असला की ती शाळेत नसते, धाकटा भाऊ आजारी पडला की नसते. सलग महिनाभर गैरहजर राहिलेले मूल शाळाबाह्य धरण्याची आपल्याकडे पद्धत आहे. ही मुलगी तीन आठवडे नाहीशी होते, दोन दिवस वर्गात दिसते आणि पुन्हा नाहीशी होते. म्हणजे कोणत्याही यादीत ती कधीच शाळाबाह्य ठरत नाही. 4 जुलै 2015 रोजी राज्यभर एका दिवसात शाळाबाह्य मुलांचे सर्वेक्षण झाले आणि मुलांच्या बोटांना शाई लावली गेली. तशा मोजणीतही हिचे नाव पटावर आहे एवढेच कळले असते.

शाळेने घरी कोणाला तरी पाठवावे अशी मी विनंती केली. त्यावर “निरोप दिलाय” एवढेच उत्तर आले. मुलांच्या हजेरीवर लक्ष ठेवणे हे कलम 9 नुसार स्थानिक प्राधिकरणाचे कर्तव्य आहे, पण ते पार पाडले नाही तर पुढे काय, याबद्दल कायदा फारसे बोलत नाही. पालकांना दंड करावा असे सुचवणारे शेजारी आहेत, आणि त्याला इतिहासाचा आधारही आहे: शाहू महाराजांनी 1917 मध्ये कोल्हापूर संस्थानात प्राथमिक शिक्षण मोफत व सक्तीचे केले, तेव्हा मुलाला शाळेत न पाठवणाऱ्या पालकास दरमहा एक रुपया दंड ठेवला होता, 1947 च्या मुंबई प्राथमिक शिक्षण अधिनियमातही पालकांना हजेरीचा आदेश देऊन दंड करण्याची सोय होती. आजच्या कायद्यात मुलाला दाखल करणे हे पालकांचे कर्तव्य मानले आहे, परंतु त्यासाठी शिक्षा ठेवलेली नाही. सक्ती आहे ती सरकारवर. मला हे योग्य वाटते, कारण हजारी मजुरीवर जगणाऱ्या बाईकडून दंड घेतला तर तो भरून काढण्यासाठी मुलीलाच आणखी पाने कापावी लागतील. (मुलींना दिवसाला एक रुपया उपस्थिती भत्ता देणारी राज्याची जुनी योजना आहे. शाहू महाराजांच्या काळात रुपयाचा धाक वाटे. आता त्या रुपयाचे आमिषही वाटत नाही.) बालकामगार कायद्यातील 2016 च्या दुरुस्तीने चौदा वर्षांखालील मुलांना कामावर ठेवण्यास बंदी केली, मात्र धोकादायक नसलेल्या घरच्या कामात शाळेच्या वेळेनंतर मदत करण्याची मुभा ठेवली. शाळेची वेळ संपली की नाही, हे दाराआड कोण पाहणार?

प्रवेशासाठी या सेवेला पाचापैकी चार तारे देईन, हजेरीसाठी दीड, आणि तो अर्धा त्या तेलुगू बोलणाऱ्या बाईंचा. ज्यांना असे मूल दाखल करायचे आहे त्यांनी अर्ज लेखी द्यावा आणि पोच घेतल्याशिवाय उठू नये. हजेरीसाठी शाळा व्यवस्थापन समितीची बैठक गाठावी. तिथे तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात, त्यातले काही त्याच गल्लीत राहतात, आणि शाळेच्या निरोपापेक्षा शेजारणीचे बोलणे आईच्या गळी लवकर उतरते. संक्रांतीच्या आसपास मात्र हजेरीची चौकशी करू नये. गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वराच्या यात्रेच्या, दिवसांत पटावरची निम्मी मुले यात्रेत असतात आणि त्या हजेरीवरून कोणाविषयीच काही ठरवता येत नाही.