पणजोबांच्या मागे जायचंय: फेरफार, घरपट्टी की जनगणना?

वंशावळ शोधायला निघालेला माणूस बहुतेक वेळा पहिला प्रश्न हाच विचारतो: "इंग्रजांनी शिरगणती केली होती ना? मग त्यात आमच्या लोकांची नावं असतीलच की!" नावं लिहिली गेली होती हे खरं, पण ती आज मिळत नाहीत. भारतात पहिली जनगणना १८७२ ची. १८८१ पासून ती दर दहा वर्षांनी देशभर एकाच वेळी होऊ लागली. प्रगणक घरोघर फिरले, माणसामागे नोंद केली. पण आकड्यांचे तक्ते तयार झाल्यावर मूळ पत्रकं कुणी सांभाळून ठेवली नाहीत. उरले ते छापील अहवाल. तालुक्यात कुठल्या जातीचे किती लोक होते हे त्यात सापडेल, तुमचे खापरपणजोबा सापडणार नाहीत. ब्रिटनमध्ये १९२१ च्या जनगणनेतली घराघरांची पत्रकं शंभर वर्षांनी, २०२२ मध्ये लोकांसाठी खुली झाली. आपल्याकडे तशी वाट बघण्यात अर्थ नाही. १९४८ च्या जनगणना कायद्याने व्यक्तीची माहिती गोपनीय ठरवली आहे.

याला एक अपवाद आहे आणि तो फार कमी लोकांना माहीत असतो. १९५१ च्या जनगणनेच्या वेळी गावोगावची माहिती उतरवून 'नागरिकांचं राष्ट्रीय रजिस्टर' तयार केलं गेलं. काही तहसिलींच्या अभिलेख कक्षात ते अजून आहे. १९५१ मध्ये सत्तरीला आलेला म्हातारा त्यात वडिलांच्या नावासह सापडला, तर एकाच ओळीत तुम्ही १८५०-६० च्या आसपास जन्मलेल्या माणसापर्यंत पोचता. तेव्हा जनगणनेकडून अपेक्षा ठेवायची ती एवढ्याच रजिस्टरची.

जमिनीचे कागद हा सगळ्यात सरळ रस्ता, अर्थात घराण्याकडे जमीन असेल तर. आजच्या सातबाऱ्यावर फेरफार क्रमांक असतात. फेरफार म्हणजे जमिनीचा हक्क एकाकडून दुसऱ्याकडे गेल्याची नोंद. त्यांतला वारसाचा फेरफार काढायचा, त्यात मयत खातेदाराचं नाव आणि वारसांची यादी मिळते. मग त्या मयताच्या नावावर जमीन कशी आली तो फेरफार काढायचा, असं मागे मागे जायचं. मुंबई इलाख्यात हक्कनोंदीचा कायदा १९०३ चा, त्यामुळे ही साखळी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला पोचून थांबते. त्याच्या आधीचे मोजणी-आकारणीचे कागद भूमी अभिलेख कार्यालयात. इंदापुरात गोल्डस्मिड आणि विंगेट या इंग्रज अधिकाऱ्यांनी १८३० च्या दशकात जी पद्धत बसवली, त्यातून निघालेले. तिथे खातेदाराचं नाव मिळतं, पण त्याचं कुणाशी काय नातं ते क्वचितच कळतं.

साखळी तुटते ती बहुधा एकत्रीकरणात, म्हणजे शेतांचे विखुरलेले तुकडे जोडताना. १९४७ च्या तुकडेबंदी-तुकडेजोड कायद्यानंतर अनेक गावांत सर्व्हे नंबर जाऊन गट नंबर आले. आजचा गट नंबर घेऊन १९३० चा फेरफार शोधायला गेलात तर दुसऱ्याच कुणाचं खानदान हाती येईल. आधी जुना सर्व्हे नंबर आणि नवा गट नंबर यांचा मेळ दाखवणारा उतारा घ्या, मगच मागे जा. शासनाच्या ई-अभिलेख संकेतस्थळावर बऱ्याच जिल्ह्यांचे जुने सातबारे आणि फेरफार स्कॅन होऊन आलेत, त्यामुळे घरबसल्या सुरुवात करता येते. पण तिथे गाव आणि नंबर माहीत असावा लागतो. नुसत्या आडनावावर काही निघत नाही.

फेरफार वाचताना लक्षात ठेवायचं की तो हक्काचा कागद आहे, कुटुंबाचा नाही. नावापुढे 'ए.कु.मॅ.' दिसलं तर तो एकत्र कुटुंबाचा कर्ता. त्याच्या मागे तीन भाऊ दडलेले असू शकतात. 'अ.पा.क.' म्हणजे अज्ञानाचा पालनकर्ता, म्हणजे तिथे बाप मेलेला आणि मुलगा लहान. बायका बहुधा 'कोम' किंवा 'भ्र.' लावून नवऱ्याच्या नावाला जोडलेल्या येतात, आणि त्याही विधवा झाल्यावरच. १९५६ च्या वारसा कायद्याआधीच्या फेरफारांत लेकी जवळजवळ नाहीतच. आजीचं माहेर शोधत असाल तर या कागदांवर वेळ घालवू नका. दत्तक मुलगाही इथे सख्ख्यासारखाच दिसतो. १ एप्रिल १९५७ च्या कृषक दिनानंतर, म्हणजे कसणाऱ्या कुळाला मालक मानलं गेलं त्या दिवसानंतर, कुळांची नावं मालक म्हणून चढली. तुमचे लोक कुळं असतील, तर त्याआधीच्या सातबाऱ्यावर त्यांना मालकाच्या रकान्यात नव्हे, कुळाच्या रकान्यात बघावं लागेल.

हे सगळं मुख्यतः देशावरचं. कोकणात खोती गावांत, म्हणजे जिथे सारा खोत गोळा करायचा तिथे, कुळांची नावं बोटखतात, म्हणजे कुळांच्या नोंदवहीत, शोधायची. मराठवाडा निजामाकडे होता, तिथले जुने कागद उर्दूत आणि फसली सनात, म्हणजे महसुली कालगणनेत. सन १३५० फसली म्हणजे १९४०-४१, ५९० मिळवले की झालं. १९५४-५५ ची खासरा पाहणी, म्हणजे शेतवार नोंद, हा तिथला हमखास टप्पा. नागपूरकडे मालगुजारी, म्हणजे सारा गोळा करणाऱ्या मालगुजाराची पद्धत, त्यामुळे तिथे बंदोबस्ताची मिसल (सारा ठरवतानाची फाइल) आणि अधिकार अभिलेख बघायचे, नावांमध्ये 'वल्द', म्हणजे अमक्याचा मुलगा.

कराच्या कागदांना लोक कमी लेखतात, आणि भूमिहीन घराण्यांच्या बाबतीत ती मोठीच चूक ठरते. शेत नसलं तरी घर होतं. ग्रामपंचायतीचा नमुना ८, म्हणजे घरपट्टी आकारणीची नोंदवही, गावातल्या घराघराचा मालक सांगतो, आणि जुन्या वह्या टिकल्या असतील तर बापाच्या जागी मुलगा कधी आला हेही कळतं. शहरात हेच काम मिळकत पत्रिका करते. मात्र करवाल्याला पैसे कोण भरणार एवढंच हवं असतं, बाकी कुटुंबाशी त्याला देणंघेणं नाही. म्हणून हा पुरावा जोडीचा, एकट्याने पुरणारा नाही.

वतन (गावच्या कामाबद्दल मिळालेला वंशपरंपरेचा हक्क) किंवा इनाम असलेल्यांची गोष्ट वेगळी. पाटील, कुलकर्णी, देशमुख आणि गावकामगार महार यांच्या वतनांसाठी १८७४ च्या कायद्याने रजिस्टरं ठेवली गेली, आणि त्यांत भाऊबंदांच्या शाखा उतरलेल्या आढळतात. महार वतनाच्या कागदांकडे त्या घराण्यांतल्या तरुणांनी जरूर बघावं. जमीन कमी आणि वाटेकरी पुष्कळ, त्यामुळे नावंही पुष्कळ. त्याही मागे जायचं तर पुण्याचं अभिलेखागार, पेशवे दफ्तर, मोडी रुमाल, म्हणजे कापडात बांधलेले कागदांचे गठ्ठे. वतनाच्या तंट्यात दोन्ही बाजूंनी दिलेले करीने (आपल्या हक्काची हकिकत) आणि त्यावर झालेले महजर (निवाड्याचे कागद) यांत पाच-सात पिढ्या सलग मिळू शकतात. पण तो माणूस भांडायला उभा होता हे विसरू नका. आपली शाखा वडील, समोरच्याची धाकटी, नाहीतर दासीपुत्राची, असं लिहून घेण्यात त्याचा फायदा होता. दोन्ही बाजूंचा करीना मिळाल्याशिवाय मी तरी त्यावर विश्वास ठेवणार नाही.

आता ज्यांना जातीच्या दाखल्यासाठी पुरावा हवा आहे त्यांच्यासाठी. फेरफारावर जात बहुधा नसतेच, त्यामुळे नुसते सातबारे गोळा करून उपयोग नाही. तिथे गाव नमुना १४, म्हणजे कोतवाल बुकातल्या जन्म-मृत्यूच्या नोंदी, आणि शाळेची प्रवेश-निर्गम नोंदवही हे दोन कागद जमिनीच्या वरचढ ठरतात. मानीव तारखा, म्हणजे पुराव्यासाठी धरायच्या हद्दीच्या तारखा, ठरलेल्या आहेत: अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५०, विमुक्त-भटक्यांसाठी २१ नोव्हेंबर १९६१, इतर मागासवर्गीयांसाठी १३ ऑक्टोबर १९६७. त्याआधीची नोंद हवी. २०२३ मध्ये न्यायमूर्ती शिंदे समितीने कुणबी नोंदींसाठी जे दप्तर उलटंपालटं केलं, त्यातही हीच रजिस्टरं होती. कोतवाल बुकात मुलाचं नाव बऱ्याचदा नसतं, 'अमक्यास मुलगा' एवढंच असतं. ते शाळेच्या नोंदीशी जन्मतारखेवरून जुळवावं लागतं. म्हणजे फेरफार पिढ्या जोडतो आणि हे दोन जात सांगतात. दोन्ही लागतात.

गोव्यातल्यांना वेगळा सल्ला. तिथे कोमुनिदादीच्या, म्हणजे गावच्या सामायिक जमिनीच्या संस्थेच्या, गावकारांच्या (सदस्यांच्या) नोंदी आणि ख्रिस्ती घराण्यांसाठी चर्चची बाप्तिस्मा रजिस्टरं आहेत, आणि ती महाराष्ट्रातल्या फेरफारांपेक्षा लांब मागे जातात. मॉरिशसच्या मराठी घराण्यांचा प्रवास उलट्या दिशेने होतो. मोका इथल्या महात्मा गांधी संस्थेत गिरमिटियांची, म्हणजे करारावर गेलेल्या मजुरांची, रजिस्टरं आहेत, त्यांत बापाचं नाव आणि मूळ गाव मिळू शकतं. पण ते लोक हक्कनोंद सुरू होण्याआधीच गेलेले. इथे त्यांचा स्वतःचा फेरफार नसणार. शोधायचा तो मागे राहिलेल्या भावाचा.

नाशिक-त्र्यंबकच्या तीर्थोपाध्यांच्या वह्या आणि कोल्हापूर-सांगलीकडचे हेळवी (घराण्यांची वंशावळ सांगणारे लोक) यांच्याकडे जायचं का, असंही विचारतात. जरूर जा, आणि दक्षिणा मनापासून द्या. तिथे बायकांची नावं मिळतात, जी सरकारी कागदात क्वचितच असतात. जात पडताळणी समितीपुढे त्यांचं वजन कमी, एवढं ध्यानात असू द्या.

तहसिलीत नकलेचा अर्ज देताना 'आमच्या पूर्वजांच्या नोंदी' असं लिहू नका. तो अर्ज परत येतो. गाव, रजिस्टरचं नाव आणि सालाचा टप्पा लिहा: मौजे अमुक, गाव नमुना १४, १९१५ ते १९३०. मोडी निघाली तर वाचणारा आधी गाठा, त्याच्याकडून लिप्यंतर करून घ्या आणि मूळ पानाची नक्कल सोबत जोडूनच ठेवा.