नदीतला प्राणवायू मोजणारा संच: वर्षभराच्या वापरानंतर

छोट्या शहराच्या सांडपाणी प्रक्रिया केंद्रातून सोडलेले पाणी नदीवर नेमका काय परिणाम करते, हे पाहण्यासाठी आम्ही काही जणांनी मिळून विरघळलेला प्राणवायू मोजणारा थेंबमोजणीचा संच घेतला. वर्षभराच्या वापरानंतर संचाविषयी माझे मत चांगले आहे. सोबतच्या माहितीपत्रकाविषयी मात्र तसे म्हणता येत नाही.

संचामागची पद्धत हंगेरीचे रसायनशास्त्रज्ञ लायोश विंकलर यांनी १८८८ मध्ये मांडली. बाटली बुडबुडा राहू न देता काठोकाठ भरायची आणि तिच्यात मँगेनीजचा क्षार व अल्कधर्मी आयोडाइड घालायचे. पाण्यात प्राणवायू असेल तर तपकिरी साका तयार होतो, नसेल तर तो पांढरा राहतो. आम्ल घालून साका विरघळवला की मोकळ्या झालेल्या आयोडीनमुळे पाणी पिवळे होते आणि मग थायोसल्फेटचे थेंब मोजत ते रंगहीन करायचे. या संचात एक थेंब म्हणजे लिटरमागे एक मिलिग्रॅम. इतक्या ढोबळ मापावर ७ आणि ८ यांतील फरकाचा वाद घालू नये, पण मासे तगतील की गुदमरतील याचा अंदाज बांधायला ते पुरेसे आहे.

निवड करताना मी एकच गोष्ट आवर्जून पाहिली, ती म्हणजे आयोडाइडच्या द्रावणात नायट्राइट नष्ट करणारे अझाइड हे रसायन आहे की नाही. प्रक्रिया केंद्रात अमोनियाचे नायट्रेटमध्ये रूपांतर अर्धवट राहिले तर पाण्यात नायट्राइट उरते, ते जास्तीचे आयोडीन मोकळे करते आणि आकडा खोटा फुगतो. अझाइड नसलेला संच त्यामुळे नेमका सांडपाण्याखालच्या नदीतच फसवतो.

रसायने कोणत्या क्रमाने घालावीत, हे माहितीपत्रक नीट सांगते. नमुना कुठून आणि केव्हा घ्यावा, याबद्दल त्यात एक ओळही नाही. पहिले दोन महिने आम्ही भर दुपारी, पाणी सोडण्याच्या जागीच नमुने घेत राहिलो आणि आकडे पाहून खूश होत राहिलो. वास्तविक जिवाणूंना सेंद्रिय द्रव्य खाऊन प्राणवायू संपवायला वेळ लागतो, त्यामुळे त्याची पातळी सर्वांत खाली जाते ती प्रवाहाच्या वेगानुसार बरीच पुढे. स्ट्रीटर आणि फेल्प्स या संशोधकांनी अमेरिकेतील ओहायो नदीच्या अभ्यासातून १९२५ मध्ये याचेच गणित मांडले होते. शिवाय शेवाळ दिवसा प्राणवायू सोडते आणि रात्री इतर जीवांसारखाच वापरते. ज्या वळणावर दुपारी ९ थेंब लागले होते, तिथेच पहाटे ३ लागले.

याच संचाने नदीच्या पाण्याची पाच दिवसांची जैवरासायनिक प्राणवायू मागणी, म्हणजे बीओडी (जिवाणू सेंद्रिय द्रव्य खाताना तेवढ्या काळात वापरतात तो प्राणवायू), अंदाजे काढता येते. एक बाटली लगेच तपासायची, दुसरी २० अंश सेल्सिअसला अंधारात पाच दिवस ठेवायची आणि फरक पाहायचा. प्रक्रिया केंद्राचे पाणी मात्र आधी पातळ करावे लागते, आणि तो खटाटोप हौशी माणसाने न केलेलाच बरा. सोडलेल्या पाण्याचा बीओडी लिटरमागे २० मिलिग्रॅम आणि तरंगते पदार्थ ३० मिलिग्रॅम यांपुढे नसावेत, ही मर्यादा ब्रिटनमधील सांडपाण्याच्या विल्हेवाटीवरील शाही आयोगाने १९१२ मध्ये सुचवली, तीही नदीत किमान आठपट स्वच्छ पाणी मिसळेल असे गृहीत धरून. कोरड्या महिन्यांत लहान नदीत तेवढे पाणी नसते, तेव्हा मर्यादेत बसणारे पाणीसुद्धा तिला झेपत नाही, आणि ते बाटलीतल्या फिकट साक्यावरून कळते.

अझाइड विषारी असल्याने हातमोजे आणि चष्मा हवाच, आणि वापरलेले द्रावण काठावर ओतून देता येत नाही. ते साठवायला झाकणाचा डबा संचातच द्यायला हवा होता. थायोसल्फेट जुने होऊन कमजोर झाले की थेंब जास्त लागतात आणि नदी आहे त्यापेक्षा निरोगी भासते. म्हणून महिन्यातून एकदा मी अर्ध्या बाटलीतले स्वच्छ पाणी हवेसह जोरात हलवून तपासतो. समुद्रसपाटीजवळ २० अंशांना त्यात साधारण ९ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो. एकदा ११ थेंब लागले, तेव्हा वेष्टनावरची मुदत संपायला अवकाश असूनही ती कुपी मी बदलली.