कोकणातल्या घरासाठी उपग्रह इंटरनेट की फायबर?

छतावर तबकडी लावून उपग्रहावरून इंटरनेट घ्यावे का, हा प्रश्न शहरातल्या सदनिकेपुरता विचारला, तर उत्तर सरळ नकारार्थी आहे. जिओफायबरसारख्या सेवेत ३९९ रुपये अधिक १८ टक्के जीएसटी भरून महिनाभर ३० एमबीपीएसची जोडणी मिळत असताना छतावर तबकडी बसवण्याचे काहीच कारण नाही. रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या डोंगरउतारावरच्या वाडीत मात्र फायबर पाच-सात किलोमीटर अलीकडेच थांबलेले असते आणि मोबाइलची रेंज अंगणाच्या एका कोपऱ्यात मिळते, म्हणून तिथे हा प्रश्न विचार करण्याजोगा ठरतो.

सर्व उपग्रह इंटरनेट एकसारखे नसते, हे आधी ध्यानात घ्यावे. बँकांच्या दुर्गम शाखा आणि एटीएम वर्षानुवर्षे ज्या व्हीसॅटवर, म्हणजे छोट्या तबकडीच्या जुन्या उपग्रह जोडणीवर, चालत आले, त्याचे उपग्रह विषुववृत्तावर ३५,७८६ किलोमीटर उंचीवर असतात. संदेश वर जाऊन खाली यायलाच सुमारे पाव सेकंद लागतो, म्हणजे विचारणा आणि उत्तर मिळून अर्धा सेकंद, आणि यंत्रणेचा विलंब धरला तर त्याहूनही अधिक. पैसे काढण्याच्या व्यवहाराला एवढा विलंब चालतो; व्हिडिओ कॉलवर मात्र दोघेही एकाच वेळी बोलू लागतात आणि एकाच वेळी थांबतात. स्टारलिंक या स्पेसएक्स कंपनीच्या सेवेचे उपग्रह साधारण ५५० किलोमीटरवरून फिरत असल्यामुळे त्यांचा विलंब बहुधा २५ ते ६० मिलिसेकंदांच्या घरात राहतो. फायबर याहून सरस आहेच, पण ऑनलाइन वर्ग किंवा कार्यालयाच्या बैठकीत बसणाऱ्याला हा फरक जाणवत नाही. घरासाठी विचार करायचा, तर तो या दुसऱ्या प्रकाराचाच करावा.

वेगाची चर्चा जाहिरातींत पुरेशी होते. कोकणात त्याहून महत्त्वाचा प्रश्न घरावरच्या आकाशाचा आहे. हे उपग्रह सतत सरकत असल्यामुळे तबकडी काही सेकंदांच्या अंतराने एकावरून दुसऱ्यावर जात राहते, आणि त्यासाठी तिला आकाशाचा मोठा पट्टा मोकळा लागतो. आपली घरे तर माड, फणस आणि आंब्यांच्या सावलीत मुद्दाम बांधलेली असतात. एखादी फांदी आड आली, तरी जोडणी दर थोड्या वेळाने क्षणभर तुटते. चित्रपट पाहताना ते लक्षात येत नाही, फोनवर बोलताना लगेच येते. स्टारलिंकच्या ॲपमध्ये फोनचा कॅमेरा आकाशाकडे धरून अडथळे तपासण्याची सोय आहे. ती तपासणी अंगणात उभे राहून नव्हे, तर जिथे खांब उभारायचा त्या उंचीवरून करावी. कौलारू छपरावर तबकडी थेट बसवण्यापेक्षा वेगळा लोखंडी खांब बरा, कारण दर पावसाळ्याआधी कौले चाळावी लागतात आणि वानरांचा विचारही करावाच लागतो.

पावसाचे म्हणावे, तर रिमझिमीने काही बिघडत नाही. जुलैतल्या मुसळधार सरीत मात्र तबकडी ज्यांवर चालते त्या कू बँडच्या रेडिओलहरी क्षीण होतात आणि सर ओसरेपर्यंत सेवा मंदावते किंवा थांबते. फायबरच्या काचतंतूवर पावसाचा परिणाम होत नाही. त्याची केबल तुटते ती झाड पडल्याने किंवा रस्त्याच्या खोदकामाने, आणि मग ती जोडणारा माणूस येईपर्यंत दोन-चार दिवस सहज जातात. उपग्रहाचा खंड मिनिटांचा आणि वारंवार, फायबरचा क्वचित पण दिवसांचा, अशी ही निवड आहे. घरून नोकरी करणाऱ्याने यांतले आपल्याला काय परवडते, ते आधी ठरवावे.

विजेचा खर्च बहुतेक जण धरतच नाहीत. स्टारलिंकची नेहमीची तबकडी साधारण ७५ ते १०० वॅट घेते. ती दिवसरात्र चालू ठेवली, तर महिन्याला ५४ ते ७२ युनिट होतात. बिलापेक्षाही अडचण इन्व्हर्टरची आहे, कारण वादळात वीज गेल्यावर फायबरचा लहानसा राउटर ज्या बॅटरीवर रात्र काढतो, तीच बॅटरी तबकडीपुढे काही तासांत संपते.

किमतीबाबत सावध असावे. २०२५ मध्ये स्टारलिंकला भारतात परवाना मिळाला, पण वर्षअखेरपर्यंत घरगुती सेवा सुरू झाली नव्हती. डिसेंबरमध्ये कंपनीच्या संकेतस्थळावर दिसलेले ८,६०० रुपयांचे मासिक दर चाचणीसाठीचे होते, असा खुलासा तिनेच केला. अंदाज शेजाऱ्यांवरून बांधता येतो. भूतानमध्ये सुरुवातीचे मासिक दर ३,००० आणि ४,२०० ङुल्त्रुम होते, म्हणजे तेवढेच रुपये. बांगलादेशात यंत्रसामग्रीच ४७,००० टाक्यांची होती. दूरसंचार नियामक ट्रायनेही मे २०२५ च्या शिफारशींत शहरी ग्राहकामागे वर्षाला ५०० रुपये जादा आकार सुचवला आणि ग्रामीण ग्राहकाला त्यातून वगळले, यावरून ही सेवा कोणासाठी मानली जाते ते कळते.

म्हणून तबकडीआधी दोन पर्याय तपासावेत. गावाच्या माथ्यावर नवा ४जी किंवा ५जी टॉवर आला असेल, तर छतावर बाहेरचा अँटेना लावून किंवा एअरफायबरसारखी टॉवरवरून बिनतारी येणारी जोडणी घेऊन काम बऱ्याच कमी खर्चात भागते. बीएसएनएलच्या ४जी जाळ्याचे उद्घाटन सप्टेंबर २०२५ मध्येच झाल्याने जुन्या अनुभवावर विसंबू नये. दोन-तीन घरे मिळून पैसे भरायला तयार असतील, तर स्थानिक केबलचालक खांबांवरून फायबर आणायला राजी होतो का, हेही विचारावे. दोन्ही ठिकाणी नकार मिळाला, घर बारमाही नांदते असले आणि वरचे आकाश मोकळे असले, तर तीन-चार हजारांचा मासिक खर्चही मला वावगा वाटत नाही. घर फक्त गणपतीत आणि मे महिन्यात उघडत असेल, तर उरलेले महिने सेवा थांबवून ठेवता येते का आणि त्या काळात आकार किती पडतो, याचे लेखी उत्तर मिळाल्याशिवाय यंत्रसामग्रीचे पैसे भरू नयेत.