जीआर ८६: आत्ताचीच घ्यायची की टर्बोसाठी थांबायचं?

अमेरिकेतला मावसभाऊ टोयोटाच्या जीआर ८६ या स्पोर्ट्स कारवरून अडकलाय, आत्ताची घेऊ का थांबू, कारण पुढच्या गाडीत सुबारूचं २.४ लिटरचं बॉक्सर इंजिन (सिलिंडर आडवे, समोरासमोर) जाऊन टोयोटाच्याच छोट्या जीआर यारिसचं १.६ लिटरचं टर्बो (जादा हवा आत दाबून ताकद वाढवणारं) येणार अशी चर्चा आहे. चर्चाच आहे, पण अगदी हवेतली नाही, २०२२ ला टोयोटाने जपानच्या सुपर ताइक्यू रेसमध्ये त्याच यारिसच्या इंजिनावरून बनवलेलं १.४ टर्बो जीआर ८६ मध्ये पळवलंय.

ताकदीत टर्बोच पुढे, बॉक्सर २२८ हॉर्सपॉवर आणि १.६ टर्बो टोयोटाच्याच जीआर कोरोलात ३०० देतं. पण बॉक्सरचे सिलिंडर आडवे, त्यामुळे वजन खाली राहतं, टर्बो नसल्याने पाय दाबला की लगेच ओढतं, वळणावर हेच तर हवं ना! बॉक्सरचे स्पार्क प्लग बदलायला मात्र वैताग, हात घालायला जागाच नाही. किंमत टर्बोची जास्तच असणार असं मला वाटतं.

वळणाच्या रस्त्यांवर मजा हवी, बजेट ठरलेलं असेल तर आत्ताचीच घे. ट्यूनिंग (इंजिनात बदल) करून जास्त जोर काढायचाय आणि घाई नाही, तर थांब.