नाशिकमध्ये राहून मी कांदे ऑनलाइन घेतले, १२५ रुपयांना एक

आधी रक्कम सांगते. एकूण १४,७२४ रुपये. त्यातले ९,७२५ पहिल्यांदा गेले आणि ४,९९९ दुसऱ्यांदा, त्याच लोकांच्या हातात. हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या, घरात सगळ्यांचं हसून झालंय.

मी शाळेत विज्ञान शिकवते. दरवर्षी नववीच्या पोरांना कांद्याचा पापुद्रा काढून, आयोडिन घालून पेशी दाखवते. राहते नाशकात, सासर निफाड तालुक्यातलं, म्हणजे लासलगावचा बाजार हाकेच्या अंतरावर. अशा बाईला कुणीतरी ६० कांदे डच हायसिंथ या सुवासिक फुलाचे कंद म्हणून विकले. मी त्यातले माझ्या वाट्याचे ११ आठवडे फ्रिजमध्ये जपून ठेवले आणि मग काचेच्या पात्रांत सजवून खिडकीत मांडले.

झाडांचं वेड जुनं आहे. थंडी पडली की गॅलरीत शेवंती, पिटुनिया, पॅन्सी. घरात पूर्वेच्या खिडकीला आफ्रिकन व्हायोलेट. कलांचोवर मी ऑक्टोबरपासून सहा आठवडे संध्याकाळी सहाला खोकं उपडं घालते आणि सकाळी आठला काढते, कारण रात्र लांब झाल्याशिवाय त्याला कळी धरत नाही आणि आमच्या गल्लीतला नवा एलईडी दिवा त्याला रात्र होऊच देत नाही. पॉइनसेटियाचंही तेच. हे सांगतेय ते एवढ्यासाठी, की मला काहीच कळत नाही असं समजू नका. अर्धवट कळतं. फसायला तेवढं पुरतं.

हायसिंथ घरात फुलवायचा बरेच दिवस मनात होता. आपल्याकडची थंडी त्याला पुरत नाही. निफाडचा पारा बातम्यांत कितीही घसरो, दुपारी ऊन असतंच. म्हणून कंद कागदी पिशवीत घालून फ्रिजच्या भाजीच्या कप्प्यात दहा-बारा आठवडे ठेवायचे, मग बाहेर काढून पाण्याच्या पात्रावर बसवायचे, असं की तळ पाण्याला जेमतेम टेकेल. घरभर सुवास येतो म्हणतात.

२८ सप्टेंबरला ती जाहिरात दिसली. १२ कंद १,४९९ रुपये. मागे रांगाच रांगा निळ्या-गुलाबी फुलांच्या, खाली लिहिलेलं ‘आमचं महाबळेश्वरचं ग्रीनहाऊस’. तो फोटो हॉलंडच्या क्यूकेनहॉफ बागेचा होता, हे मला फेब्रुवारीत कळलं. फोटो टाकून तो मुळात कुठला ते इंटरनेटवर शोधायला अर्धं मिनिट लागतं. ते अर्धं मिनिट काढा.

मी स्वतःसाठी दोन पाकिटं घेतली, २,९९८ रुपये. सहा काचपात्रं, प्रत्येकी २६५, म्हणजे १,५९०. शाळेतल्या तिघींनाही घ्यायला लावलं, माझ्या शब्दावर, त्यांचे ४,४९७. पैसे एका बाईच्या वैयक्तिक यूपीआयवर गेले. दुकानाचं नाव वेगळं, खात्यावरचं नाव वेगळं. विचारलं तर विक्रेता म्हणाला, “मॅडम, अकाउंट वाइफच्या नावावर आहे.” मला ते खरं वाटलं. आमच्या वाण्याचंही बायकोच्याच नावावर आहे!

चार दिवसांनी परमिटचे ६४० मागितले. परदेशातून कंद आणायला परवाना लागतो हे खरं आहे, प्लांट क्वारंटाइनचा २००३ चा आदेशच आहे. पण तो आयात करणाऱ्याने माल यायच्या आधी काढायचा असतो, गिऱ्हाइकाने नंतर नाही. मला आदेश माहीत होता, म्हणूनच तर मी पैसे दिले. काहीच माहीत नसतं तर कदाचित भांडले असते.

आता तो दिवस. ९ ऑक्टोबर, बुधवार, संध्याकाळ. याच दिवशी मला कळायला हवं होतं.

खोकं उघडलं. आत भुशात कंद, वर पिवळट पावडर, आणि एक छापील चिठ्ठी: ‘इंपोर्ट ट्रीटमेंट केलेली आहे. सोलू नये, हुंगू नये, हातमोजे वापरावे.’ काही कंद जांभळट सालीचे, काही पांढरे. कुणी काही म्हणो, हायसिंथचा कंद कांद्यासारखाच दिसतो. निळ्या-जांभळ्या फुलाच्या कंदाची साल जांभळी असते, पांढऱ्याची फिकट. हे मी आधीच वाचून ठेवलं होतं, त्यामुळे लाल कांदा आणि पांढरा कांदा बघून मला आनंद झाला. जाती बरोब्बर आल्या म्हणून!

हायसिंथच्या कंदाने हाताला खाज सुटते हेही वाचलं होतं. हातमोजे काढून मी मुद्दाम दोन कंद चोळून पाहिले. खाज सुटली नाही. एकाला कोपऱ्यात चीर गेली होती, तो दाबला, आणि माझ्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं.

डोळ्यांतून पाणी. कांदा हातात, डोळ्यांत पाणी, मी पदराने पुसतेय आणि मनात म्हणतेय, केवढी कडक पावडर लावलीय. त्याला मेसेजही केला. उत्तर आलं, “मास्क लावा मॅडम.” मी मास्क लावला. स्वयंपाकघरात उभी राहून, मास्क लावून मी कांदे मोजले. तो प्रसंग आठवला की अजूनही अंगावर शहारे येतात, आणि ते रागाचे नसतात.

एक कंद उभा कापला असता तरी भागलं असतं. खऱ्या हायसिंथच्या पोटात शरदापर्यंत इवलासा तुरा तयार झालेला असतो, साध्या डोळ्यांनी दिसतो. पण १२५ रुपयांच्या कंदावर सुरी कोण चालवणार? तुम्ही चालवा. बारातला एक कापायचाच असं ठरवूनच ऑर्डर करा.

पुढचे ११ आठवडे घरात सफरचंद, केळं, पेरू काही फ्रिजमध्ये ठेवायला बंदी होती, कारण पिकणाऱ्या फळांतून इथिलीन वायू सुटतो आणि आतली कळी मरते. हे रोज विचारायचे, फळं कुठे ठेवू, आणि मी रोज तेच भाषण द्यायचे. फ्रिज उघडला की वास यायचा, पण कुणाच्या फ्रिजमध्ये चिरलेला कांदा नसतो? शाळेतल्या एकीच्या स्वयंपाकाच्या मावशींनी तर दोन ‘हायसिंथ’ चिरून पोह्यांत घातले. हायसिंथचा कंद विषारी असतो. ती बिचारी रात्रभर लक्षणं शोधत जागी राहिली आणि मला सांगायचीही तिला लाज वाटली, २५० रुपये वाया घालवले म्हणून. पोहे चांगले झाले होते, हे तिने फेब्रुवारीत सांगितलं. तेव्हाच सांगितलं असतं तर!

२६ डिसेंबरला कंद बाहेर काढले, पात्रांवर बसवले. मुळं झकास सुटली. पानं आली ती गोल, पोकळ नळ्यांसारखी. हायसिंथचं पान चपटं, पट्ट्यासारखं असतं. मी म्हटलं, उजेड कमी पडतोय, गुंडाळलं गेलंय, उघडेल. माणूस स्वतःला किती समजावू शकतो याला मर्यादा नाही.

फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात दोन पात्रांतून दांडे वर आले, टोकाला पांढरट पातळ पडद्यात गुंडाळलेलं बोंड. मी रोज फोटो काढत होते. तेवढ्यात सासूबाई गावाहून आल्या. चपला काढता काढता खिडकीकडे बघितलं आणि म्हणाल्या, “अगं, डेंगळे कशाला लावलेत गं काचेत?”

मी म्हटलं, “आई, तो हायसिंथ आहे. हॉलंडचा.”

त्या जवळ गेल्या, पात मोडली, माझ्या नाकाशी धरली. बोलल्या काहीच नाहीत. कांद्याला थंडी लागली की तो फुलाचा दांडा, म्हणजे डेंगळा, सोडतो, शेतकरी त्यालाच वैतागतो. मी तीच थंडी त्याला ११ आठवडे मोजून दिली होती.

राग आला की डोकं चालत नाही, हे पुढच्या मूर्खपणाचं कारण. निमित्त नाही म्हणत, कारण म्हणते. त्यांच्या जाहिरातीखाली मी चांगलं खरमरीत लिहिलं. दोन तासांत फोन, “रिफंड विभागातून बोलतोय.” एक कोड पाठवला, स्कॅन करा, पिन टाका, पैसे येतील. ४,९९९ गेले. पैसे घ्यायला पिन लागत नाही. हे मी स्वतः आठवीच्या वर्गात फळ्यावर लिहिलेलं आहे. तक्रार उघड्यावर लिहिली की हेच लोक किंवा यांचे भाऊबंद ती वाचतात आणि फोन करतात, ध्यानात ठेवा. आणि पैसे गेले की त्याच मिनिटाला सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, १९३० ला, फोन करा, मी रडण्यात चार तास घालवले.

मग सुरू झाली वारी. बँकेत सांगितलं, “पिन तुम्हीच टाकलात, आम्ही काय करणार?” अर्ज घेतला, पोच दिली नाही, मागितली तर शिक्का असलेले साहेब जेवायला गेले होते. चौकीत म्हणाले ठाण्यात जा. ठाण्यात म्हणाले सायबरला जा. सायबरला म्हणाले रक्कम लहान आहे, चौकीतच द्या. पुन्हा चौकीत. तिथल्या हवालदाराने नीट ऐकून घेतलं आणि विचारलं, “ताई, पार्सल आलं ना? माल मिळाला ना?”

“माल नाही, कांदे आले.”

“मग कांदे तरी आले. लोकांना दगड येतात.”

शेजारचे म्हणाले, सध्या भाव बरा आहे. सगळे हसले. मला म्हणाले पुरावा आणा. दुसऱ्या दिवशी मी स्कूटरच्या पायाशी पिशवीत काचपात्र धरून, त्यात डेंगळा, अशी गेले. दीड तास बाकड्यावर ते मांडीवर घेऊन बसले होते. येणारा-जाणारा विचारत होता, हे काय आहे. मी काय सांगू? शेवटी ‘व्यवहाराचा वाद आहे, दिवाणी आहे’ म्हणून नुसता अर्ज घेतला. बनावट नावाने, खोट्या फोटोवर, चार बायकांकडून पैसे उकळले, याला वाद म्हणतात? मी कुणाशी वाद घातला? तो फोनसुद्धा उचलत नव्हता! कुरिअरच्या ऑफिसात पाठवणाऱ्याच्या पत्त्यात नुसतं ‘मेन रोड’ लिहिलेलं. असा पत्ता तुम्ही स्वीकारता कसा, विचारलं तर म्हणाले सिस्टिम स्वीकारते.

कळस कृषी कार्यालयात. बियाण्यात फसवणूक म्हणून तिथे गेले, तर कळलं की १९६६ च्या बियाणे कायद्यात खाद्यपिकं, कापूस, ताग, चारा येतात, शोभेची फुलं येत नाहीत. म्हणजे त्याने मला हे कांद्याचं बियाणं म्हणून दिलं असतं तर कायदा होता. फुलं म्हणून दिलं, तर नाही. साहेबांनी हे मला फार प्रेमाने, चहा पाजून समजावलं.

तिघींचे ४,४९७ मी खिशातून परत केले. त्या नको म्हणत होत्या, मलाच राहवेना.

आणि हो, कंद घेणार असाल तर विक्रेत्याला जातीचं नाव आणि कंदाचा घेर विचारा. ‘डेल्फ्ट ब्लू’, ‘कार्नेगी’, ‘पिंक पर्ल’, घेर १७-१८ सेंटिमीटर, असं उत्तर यायला हवं. ‘मिक्स कलर, ए ग्रेड’ म्हणाला तर फोन ठेवा. कंद हातात धरून आजच्या पेपरसोबत फोटो मागा. पार्सल आल्यावर पैसे द्यायची सोय असली तरी फसू नका, खोकं पैसे दिल्यावरच उघडू देतात. उघडताना व्हिडिओ काढा. आणि घरात सासू असेल तर एक कंद तिच्या हातात द्या.

त्या जाहिराती अजून चालू आहेत, नाव बदललंय, फोटो तोच, किंमत १,७९९.

मे महिन्यात चौकीतून फोन आला. मला वाटलं सापडला. “मॅडम, ते कांदे मुद्देमाल म्हणून जमा करायचेत, घेऊन या.” मी म्हटलं, ते मार्चमध्येच कंपोस्टमध्ये गेले. पलीकडे थोडा वेळ शांतता.

“अहो, मग केस कशी उभी राहणार?”